वाटी आमची, बैठक त्यांची

रोक्कासेल्वा,
१९ मार्च १९९८

प्रिय ओर्नेल्ला,

सगळ्यात आधी टपकला तो खालच्या फोंतेबासाचा झोपितो. बोलावणं नाही, निरोप नाही. मंगळवारी सकाळी सातला मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तेवढ्यात खालच्या वळणावरून त्याच्या तीनचाकीची फटफट ऐकू आली. फोंतेबासाचा माणूस सकाळी सातला वर आपल्या गावात येतो म्हणजे एक तर कुणी तरी गेलेलं असतं, नाही तर कुणाची तरी फजिती व्हायची असते आणि ती त्याला पहिल्या बाकावर बसून बघायची असते. आला तो डोक्यावर टोपी, हातात टोपली. टोपलीत काय, तर अंडी! माझ्या पायात आठ कोंबड्या घोटाळतायत आणि हा मला अंडी देतोय. मी म्हटलं, “झोपितो, विहिरीला पाणी घालायला आलास का?” तर म्हणतो, “अगं, आज तुमचा प्याला न्यायला येतायत ना. म्हटलं, निरोप द्यायला जावं. आमचा चौदा वर्षं संग्रहालयात काचेत एकटा बसलाय बिचारा. आता शेजार मिळेल त्याला.” आणि हसला, खालचे दोन दात दाखवून. तेवढेच राहिलेत. मी त्याला कॉफी दिली, पण साखर मुद्दाम कमी घातली.

तुला माहीतच नाही ना काही! बघ, मी ही अशी, शेपटापासून सुरुवात करते. बिशपांच्या कचेरीतून फेब्रुवारीत कागद आला होता. शेजारच्या पालमीराने तो चर्चच्या भिंतीवरून मोठ्याने वाचला, म्हणजे सगळ्या गावाने ऐकला, म्हणजे आम्ही सात जणांनी. त्यात लिहिलं होतं की, ज्या चर्चमध्ये आता नेहमी मिस्सेची उपासना होत नाही, तिथली जुनी चांदी शहरातल्या संग्रहालयात सुरक्षित ठेवायची आहे, त्यासाठी तज्ज्ञ बाई येऊन पाहणी करतील. सुरक्षित! पाचशे वर्षं ती इथं काय असुरक्षित होती का? शाळा नेली तेव्हा म्हणाले मुलं नाहीत. पोस्ट नेलं तेव्हा म्हणाले पत्रं नाहीत. बेकरीवाला स्वतःच्या पायांनी गेला. पण मिस्सेचा, द्राक्षारसाचा प्याला? माझं लग्न त्या प्याल्यासमोर लागलं, तुझ्या आजोबांना त्याच्यासमोर निरोप दिला, आणि तुझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशीही फादरनी तोच वर उचलला होता. तू तेव्हा एवढी किंचाळलीस की त्यांचे मंत्र कुणालाच ऐकू आले नाहीत. कागद वाचला त्याच दिवशी मी पालमीराला सांगून टाकलं, हा प्याला रोक्कासेल्वाच्या बाहेर जाणार नाही. पालमीरा म्हणाली, “तू काय चर्चच्या दारात आडवी पडणार आहेस का?” म्हटलं, गरज पडली तर पडेन, पण गुडघे दुखतात, म्हणून आधी दुसरं काही सुचतंय का बघू.

साडेनऊला त्या बाई आल्या. लाउरेंती बाई. मला वाटलं होतं काळ्या कपड्यातली, ओठ शिवलेली कुणी येईल, तर ही चाळिशीची, चिखलाचे बूट घातलेली, आणि गाडीतून उतरल्याबरोबर म्हणाली, “काय छान वास येतोय, कुणाच्या घरी पाव भाजतायत?” अशा बाईवर रागवायचं तरी कसं? बरोबर फोटो काढणारा एत्तोरे नावाचा गृहस्थ होता, माझ्यासारखाच साठीच्या पुढचा आणि पिंपासारखा. त्याने आधी माझं मेंढीच्या दुधाचं चीज पाहिलं आणि मग चर्च पाहिलं. ते चीज तू मागच्या वेळी नेलं होतंस, तुला तिकडे तोरिनोमध्ये त्याच्या वासावरून शेजारीण बोलली होती, तेच. फादर ओराझियो नेहमीप्रमाणे उशिरा आले. पाच गावं त्यांच्या गळ्यात, आणि गाडीची ती दशा. बिचारे उतरतात तेच माफी मागत.

चर्चमागच्या खोलीत मी आदल्या दिवशीच सगळं मांडून ठेवलं होतं. धूपदाणी, आजाऱ्यांकडे पवित्र भाकर न्यायची ती लहानशी डबी, मिरवणुकीचा क्रूस, आणि मधोमध प्याला. रात्रभर कोंडा भिजवून मी स्वतः सगळं घासलं होतं. बाईंनी पांढरे हातमोजे घातले आणि मला हसूच फुटलं. त्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, “बाई, आमच्या लहानपणी प्याल्याला बायकांनी उघडा हात लावायचा नाही असं होतं. हातावर फडकं घेऊनच धरायचा. आधी फादर एकदा पाण्याने विसळून द्यायचे, ते पाणी जमिनीत सोडायचं, मग आम्ही कोंड्याने घासायचं. पुढे म्हणाले, आता शिवलं तरी चालतं. आणि आज तुम्ही एवढं शिकून परत हातावर फडकं घेतलंत.” ती बाई खो खो हसली. पण मग माझ्या कोंड्याकडे बघून तिने सुस्कारा टाकला, म्हणाली, “आजी, ह्यावरचा सोन्याचा मुलामा कुणी घालवला, कळलं मला आता.” मी म्हटलं, मी एकटीने नाही, माझ्या आईने, तिच्या आईने, आम्ही सगळ्यांनी मिळून, दर वर्षी ईस्टरच्या आधी. तर तिने ते वहीत लिहून घेतलं! कशाला, देव जाणे.

आता नीट ऐक, गंमत इथून आहे. तिने प्याला उचलला, उलटा केला. ओर्नेल्ला, त्रेपन्न वर्षं मी तो प्याला कुणाला उलटा करू दिला नव्हता. ईस्टरच्या घासणीला बायका जमायच्या, कुणी वाटी घासायचं, कुणी दांडा, पण खालची बैठक मीच घासणार, हे ठरलेलं. आणि तिने सगळ्यांसमोर, दिव्याखाली, तो उताणा केला आणि बैठकीच्या आतल्या बाजूला कोरलेलं मोठ्याने वाचलं, “फोंतेबासाच्या लोकांनी आपल्या चर्चला अर्पण केला.”

तू तिथं असायला हवी होतीस! झोपितो दारात उभा होता, आपली टोपी छातीशी धरून, दुखवट्याला आल्यासारखा. त्याची टोपी खालीच पडली. “काय? काय म्हणालात? परत वाचा!” तिने परत वाचलं. मग तिने खालची फिरकी सोडवली, आपण कानातल्याची सोडवतो तशीच असते, फक्त मोठी. वाटी आणि दांडा एका हातात, बैठक दुसऱ्या हातात. वाटीवर रोक्कासेल्वाची खूण, बैठकीवर फोंतेबासाचं नाव. म्हणाली, दोन्ही एकाच सोनाराच्या हातचे, सुल्मोना शहरातल्या, म्हणून तर फिरकी इतकी बेमालूम बसली. पण झोपितो कुठला ऐकतोय! “चोर आहात तुम्ही! वरचे सगळे चोर! पन्नास वर्षं आमच्या बैठकीवर तुमची वाटी!” पालमीरा म्हणाली, “ओरडू नकोस, चर्च आहे.” तो म्हणाला, “चर्च आहे म्हणूनच सांगतो, चोर आहात!” एत्तोरे फोटो काढायचं सोडून चीज चघळत बघत होता. आणि मी? मी हसत होते, पोरी. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं असं सुटलं की कंबरेची गाठ सैल झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “चोर गाव नाही. चोर मी आहे. अकरा वर्षांची होते.”

तुला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. तुझ्या आजोबांनाही नाही. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात जर्मन आले. गाय नेली, डुकरं नेली, झोपितोच्या बापाच्या घड्याळापासून पाद्र्याच्या बुटापर्यंत जे चमकेल ते नेलं. फोंतेबासा मोठ्या रस्त्यालगत, म्हणून त्यांच्या फादरनी आपला प्याला वर आपल्या फादरकडे पाठवून दिला. आपल्या म्हाताऱ्या फादरना एक युक्ती सुचली. अख्खा प्याला लपवायला मोठा, म्हणून दोन्ही सोडवले. वाट्या त्यांनी कुठे तरी वेदीच्या दगडाखाली ठेवल्या, आणि दोन्ही बैठका माझ्या आईकडे दिल्या. आईने काय केलं असेल? डुकराच्या चरबीच्या रांजणात बुडवल्या! वर चरबी गोठली, वर सॉसेज रचले. एकदा एक सैनिक आला, त्याने सॉसेज काढून नेले आणि रांजणाला हात लावला नाही. आई मग तीन दिवस न जेवता देवाला धन्यवाद देत होती, आणि आम्ही न जेवता सॉसेजसाठी रडत होतो. पुढच्या जूनमध्ये ते गेले. फादर म्हणाले, बैठका आणा. आई तापाने पडलेली, म्हणून मी गेले. चरबीने माखलेल्या, काळ्या पडलेल्या, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या. फादरना दोन हातांवरचं दिसायचं नाही. त्यांनी विचारलं, “आपली कुठली गं?” मी म्हटलं, “ही.” बस. एवढंच. एक आपल्याला ठेवली, दुसरी खाली पाठवली.

चूक होती गं, शप्पथ, तेव्हा चूकच होती. पण आपल्या बैठकीची कड वाकलेली होती. मोठ्या भूकंपात म्हणे प्याला वेदीवरून पडला, तेव्हापासून तो डुगडुगायचा. फादर मिस्सेच्या वेळी एक हात सतत प्याल्यावर ठेवायचे, जणू पळून जाईल. आणि युद्धानंतर तो एकदम ताठ उभा राहिला! म्हातारे फादर म्हणाले, “बघा, युद्धाने चांदीलासुद्धा शहाणपण आलं.” सगळ्यांना वाटलं चरबीने मऊ होऊन सरळ झाला. मग पुढच्या ईस्टरला घासणी आली. मी फडक्यात धरून उलटा केला, आणि आत अक्षरं. तिसरी शिकलेली मी, पण “फोंतेबासा” वाचायला तिसरी पुरते. तेव्हा मला बोलता आलं असतं. पण मी त्या ताठ उभ्या प्याल्याकडे बघितलं, आणि मूग गिळले. आणि मग एकदा गिळले की दर वर्षी गिळावे लागतात.

हे ऐकून पालमीरा माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणून तू बैठकीला कुणाला हात लावू देत नव्हतीस! आणि मी मेली समजत होते, केवढी भक्ती हिची!” पण झोपितोचं तोंड बघण्यासारखं होतं. तो तिथल्या बाकावर बसला आणि बोट नाचवत म्हणाला, “एर्सिलिया, त्या डुगडुगणाऱ्या प्याल्याखाली मी चाळीस वर्षं कागदाची घडी ठेवली. चाळीस वर्षं! दर रविवारी नवी घडी, नेमकी चार पदरी. तीन घातले तर हलायचा, पाच घातले तर दुसरीकडे कलायचा. आमचे फादर म्हणायचे झोपितोशिवाय मिस्सा होत नाही.” मी म्हटलं, “मग उपकार मान माझे. नाही तर तुला कोण विचारत होतं?” तो एवढा चिडला की हसायलाच लागला. लाउरेंती बाई म्हणाल्या की संग्रहालयात त्याच्याखाली अजून प्लास्टिकचा तुकडा लावलेला आहे, आणि त्यांना आजवर वाटत होतं, घडवणाऱ्याचाच हात चुकला.

पण हसून संपलं की काम उरतंच. बाईंचे डोळे चमकायला लागले होते. म्हणाल्या, आता तर दोन्ही प्याले एकत्र यायलाच हवेत. बैठका अदलाबदल करायच्या, शेजारी शेजारी ठेवायचे, बाजूला ही सगळी हकीगत लिहायची, माझ्या आईच्या रांजणासकट. फार सुंदर दिसेल म्हणे. म्हटलं, सुंदर दिसेल हो, बाई, पण वाटीला दिसायचं नसतं, वाटीत ओतायचं असतं. तर त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, “आजी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. जे वापरात आहे ते आम्ही हलवत नाही. जे कपाटात पडून आहे ते न्यायचं, हा माझा हुकूम आहे. वर्षात किती वेळा वापरता?” फादर ओराझियोंनी माझ्याकडे बघितलं. माझी इच्छा होती त्यांनी दहा म्हणावं. पण पाद्र्याला खोटं बोलता येत नाही, निदान चर्चमागच्या खोलीत तरी नाही. म्हणाले, “एकदा. सप्टेंबरात, गावच्या संताच्या सणाला.” झोपितोने आपली टोपी उचलून डोक्यावर घातली. मला वाटलं आता टोमणा मारेल, पण नाही मारला. तो हळूच म्हणाला, “आमचाही असाच गेला, एर्सिलिया. छप्पर खचलं तेव्हा म्हणाले तेवढ्यापुरता नेतो. छप्पर केव्हाच झालं.”

बाई चांगल्या आहेत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, मी आज काहीच लिहीत नाही. ईस्टरनंतर मी परत येईन, संग्रहालयातला फोंतेबासाचा प्याला डब्यात घालून आणीन, बैठका इथं सगळ्यांसमोर बदलू. त्या दिवशी ह्या चर्चमध्ये हा प्याला खरंच कामाला लागलेला दिसला, रीतसर मिस्सा, माणसं, चर्चच्या पुस्तकात नोंद, आणि पुढेही होत राहील असं फादरनी लिहून दिलं, तर मी “वापरात” असं लिहीन. नाही तर डब्यात दोघांची जागा आहे. एत्तोरे म्हणाला, मोठा डबा आहे. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हातातला चीजचा तुकडा खाली ठेवला.

मग मी फादरना धरलं. अक्षरशः, बाहीला. ते म्हणाले, “एर्सिलिया, रविवारी सकाळी चार मिस्सा असतात मला. तुमच्या सात जणांसाठी पाचवी कुठून काढू? वर्षभर म्हणताय, पण सुरुवातीला तरी काही कारण लागतं. लग्न, अंत्यविधी, बाप्तिस्मा, काही तरी.” लग्नाचं म्हणशील तर गावात लग्नाच्या वयाचा एकच आहे, पालमीराचा दीर, एकाहत्तर वर्षांचा, आणि त्याला कुणी करत नाही. पालमीरा म्हणाली, “मीच मरते हवं तर. पण ईस्टरच्या चीजच्या करंज्या खाऊन मग.” फादर म्हणाले, असं बोलू नये. ती म्हणाली, “का? गावासाठी कुणी तरी काही तरी करायला हवं ना!” झोपितोने लगेच सांगितलं की अंत्यविधी झाला तर फोंतेबासाचे तीस जण घेऊन येईन, आणि अंत्यविधी नसला तरी आणीन, कारण तुमचा प्याला राहिला तर आम्हालाही आमचा मागायला तोंड राहील. फादर बोटं मोजत बसले, मग म्हणाले, ईस्टरनंतरच्या रविवारी दुपारी चारला येतो. आणि त्यानंतर दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चारलाच, जोवर गाडी चढते आहे तोवर. पण पहिल्या दिवशी मला कारण पाहिजे. ते तुम्ही शोधा.

ते सगळे गेल्यावर मी घरी येऊन बसले. ओर्नेल्ला, ह्या चर्चमध्ये शेवटचा बाप्तिस्मा तुझा झाला आहे. मी पुस्तकात पाहिलं. सव्वीस वर्षं झाली, आणि तुझ्या नावाखाली सगळं पान कोरं. तू धाडलेला फोटो माझ्या कपाटाच्या दारावर आतून लावलेला आहे, तुझ्या लेकीचा, विओलाचा, पहिला दात दिसतोय तो. आतून, कारण तुझा बाप माझ्याकडे रोज जेवायला येतो. कपाट मी दिवसातून वीसदा उघडते. परवा तुझा बाप म्हणालासुद्धा, “आई, तुला त्या कपाटात सारखं काय लागतं?” मी म्हटलं मीठ.

तू ऑगस्टात फोन केलास, आणि सांगितलंस की मूल होणार आहे, लग्न नाही आणि होणारही नाही, तेव्हा तुझा बाप गुएरिनो जे बोलला ते बोलला. इथं आणू नकोस म्हणाला. मी तिथंच होते, चुलीपाशी. मी भांडी घासत राहिले. एकही शब्द बोलले नाही. तुला तिकडून भांड्यांचा आवाज आला असेल. मला वाटलं, बाप आहे, राग शांत होईल, मग बोलू. आणि मग बोलायचं राहूनच गेलं. मंगळवारी त्या खोलीत सगळ्यांसमोर त्रेपन्न वर्षांचं तोंड उघडलं आणि काय झालं? झोपितोने दोन शिव्या दिल्या, पालमीरा हसली, आणि छप्पर जागच्या जागी राहिलं. म्हटलं, मग हे सात महिन्यांचं का दाबून ठेवलंय मी?

म्हणून काल जेवताना मी कपाटाचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. गुएरिनो सूप पीत होता. चमचा तसाच हातात राहिला. मी म्हटलं, ही तुझी नात, तिचा बाप्तिस्मा इथं होणार, ओर्नेल्ला तयार असेल तर. तू येणार नसशील तर गोठ्यात बस, पण वाटेत उभा राहू नकोस. तो म्हणाला, “फादर देतील का? लग्न नसताना?” म्हटलं, मी विचारून आले. फादर म्हणाले, पाणी काही लग्नाचा दाखला मागत नाही. सूप थंड झालं, ते मी त्याला तसंच प्यायला लावलं. आज सकाळी मी चर्चमध्ये गेले तर बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाचं झाकण, जे सव्वीस वर्षांत गंजून बसलं होतं, ते बोटाने उघडलं. बिजागऱ्यांना ताजं तेल होतं. आणि दुपारी, विळा घासता घासता, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, “तोरिनोची गाडी शनिवारी किती वाजता पोचते?”

आता तुला कळलं असेल मी एवढी पानं का खरडली. मला ह्या पत्रात तुला फसवायचं नाही. तू म्हणशील, आजीला प्याला वाचवायचाय म्हणून माझी पोर हवी आहे. मी तेही नाकारत नाही. मला प्याला हवाच आहे. पण प्याला नसता, बाई नसत्या, झोपितो नसता, तरी हे पत्र मला ऑगस्टातच लिहायला हवं होतं, आणि नाही लिहिलं, ही माझी चूक, आणि ही नकळत झालेली नाही. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. मग मी पालमीराच्या दिराचं लग्न लावीन, कुणाशीही, पण प्याला जाऊ देणार नाही. तू हो म्हणालीस तर काही आणू नकोस. माझ्या लग्नाच्या चादरीचं कापड पडून आहे, त्याचा अंगरखा मी कालपासून शिवायला घेतलाय, आणि दात आलेल्या बाळाला चोखायला पावाची कड इथं मिळते. विओलाच्या बापालाही आण, तो यायला तयार असेल तर. मी त्याला बघितलेलं नाही, पण इथं येऊन चीज खाईल तो माणूस वाईट नसतो. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खालच्या स्टेशनवर तुझा बाप तुम्हाला घ्यायला येईल. बोलला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. तो बिजागऱ्यांना तेल लावून बोलतो.

तुझीच,
बाकावर तुमची जागा धरून बसलेली,
एर्सिलिया आजी

ता. क. बैठका बदलल्यावर आपला प्याला परत डुगडुगणार, हे तुझ्या लक्षात आलं का? झोपितोने सांगितलंय की तो कागदाची घडी घेऊन वेदीपाशी उभा राहील, चार पदरी. त्याला चाळीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून मी हो म्हटलं. लाउरेंती बाई आणि एत्तोरे, डबा घेऊन, १९ एप्रिलला येणार म्हणून सांगून गेलेत. रविवार आहे, दुपारी चार.